कुंदनच्या कॉम्प्युटरमधला बिघाड

८ जानेवारी, बुधवार. मेहरूण, जळगाव.

ही वही सुरू करण्याचे कारण एकच. माझ्या धाकट्या भावाच्या, कुंदनच्या, कॉम्प्युटरवरचा खेळ मधेच बंद पडतो, आणि तो किती वाजता, काय चालू असताना बंद पडतो हे गेल्या सात महिन्यांत कोणीही लिहून ठेवलेले नाही. नोंद नसेल तर बिघाड सापडत नाही. एकतीस वर्षे धुळ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळून एवढे मी नक्की शिकले आहे.

सकाळच्या एसटीने धुळ्याहून आले. दीपमाला, कुंदनची बायको, मुलीच्या बाळंतपणासाठी सुरतला गेली आहे. महिनाभर घर माझ्या ताब्यात. कुंदन कुबड्या घेऊन फाटकापर्यंत आला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की हेडमास्तरीण आली, आता पाणीसुद्धा घंटा झाल्यावरच मिळणार. मी म्हटले, आधी दाढी कर. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी केली. त्याने चार खाल्ल्या. बरे वाटले.

अठरा वर्षे त्याने ट्रक चालवला. तीन वर्षांपूर्वी अपघातात डावा पाय गुडघ्यापासून गेला. घरी बसून कंटाळला, तेव्हा एकेक भाग जमवून त्याने हा कॉम्प्युटर स्वतः जोडला. टेबलाला स्टिअरिंग बसवले आहे, खाली पेडल आहेत. खेळ ट्रक चालवण्याचाच. कोणा हौशी माणसाने त्यात आपला आग्रा रोडही घातला आहे : धुळे, शिरपूर, पळासनेर, मग घाट चढून सेंधवा. कुंदन रोज तोच रस्ता घेतो.

पहिली नोंद : दुपारी ४.१२. सूचना न देता खेळ बंद.

९ जानेवारी, गुरुवार.

आज पाच वेळा. १०.५०, ११.२०, १२.०७, ३.४०, ५.१५. वेळांत काही समान नाही. कॅबिनेटचे झाकण काढून धूळ साफ केली. उष्णता ठीक. पंखे ठीक. वायरिंग मात्र सुबक केले आहे, हे कबूल करते.

एक निरीक्षण. खेळ बंद पडला की कुंदन मोठा श्वास सोडतो, तोंडावरून हात फिरवतो आणि पाणी मागतो. दोन-दोन तांबे पितो. आज एकदा कोणता वार आहे असे विचारले.

पद्धत ठरवली. एका वेळी एकच भाग बदलायचा, मग दोन दिवस पाहायचे. दोन भाग एकदम बदलले तर दोषी कोण ते कधीच कळत नाही. कुंदन हसला. "अक्का, तुनी लॅब आठे घरमा नको मांडू."

११ जानेवारी, शनिवार.

माझा जुना मल्टिमीटर लावला. लोड आला की बारा व्होल्टचे अकरा होतात. म्हणजे एसएमपीएस, वीज पुरवणारा डबा. मी रिक्षा करून बाजारात गेले.

शाहबाज यांचे कॉम्प्युटरच्या भागांचे दुकान वडिलांपासूनचे आहे. त्यांची रीत अशी की ते तपासलेला भाग देतात आणि आपला ठेवून घेतात. बसला तर बसला. आपला भाग मग दुरुस्त होऊन दुसऱ्या कोणाच्या मशीनमध्ये जातो. इथे सगळे असेच करतात म्हणे. रजिस्टरमध्ये मालकाची सही लागते. मी केली.

घरी आल्यावर कुंदन चिडला. "जुना कुठे शे? मना होता तो!" मी सांगितले, भाग म्हणजे भाग, त्यात तुझे-माझे काय?

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

काल तीनदा, आज दोनदाच. सुधारणा स्पष्ट आहे.

तिळगूळ द्यायला गेले तर त्याने मान वळवली नाही. तीन हाका मारल्या. २.५५ला खेळ बंद पडला तेव्हा वाटी बघून म्हणाला, अगं, तू केव्हा आलीस? मी पाऊण तास तिथेच उभी होते.

१६ जानेवारी, गुरुवार.

रॅम बदलली. जुनी शाहबाजांकडे ठेवली. सही केली.

१९ जानेवारी, रविवार.

काल ग्राफिक कार्ड बदलले. आज दिवसभरात खेळ एकदाच बंद पडला, संध्याकाळी ५.४८ला. सकाळी नऊपासून तो टेबलाशीच होता. जेवला नाही. मी घास भरवला तो तोंडात तसाच राहिला.

५.४८ला त्याने माझे मनगट पकडले. बोटांचे वळ अजून आहेत. जे बोलला ते जसेच्या तसे लिहिते.

खेळ बिघाडाने बंद पडत नव्हता, कुंदन स्वतः तो बंद पाडत होता. एकदा गाडी सुरू झाली की पळासनेर येते, घाट लागतो, आणि सेंधवा येतच नाही. पुन्हा घाट, पुन्हा घाट. थांबता येत नाही, ब्रेक लागत नाही. मग आतून सगळा जोर लावायचा. पाठ फुटेस्तोवर. कुठेतरी काहीतरी कमकुवत असायचे, ते तडकायचे, आणि तो बाहेर पडायचा. "तू बठ्ठं, सगळं मजबूत करी टाकं, अक्का. जुनं आन. पाया पडतो."

मी विचारले, मग बसतोस कशाला? मान खाली घालून म्हणाला, चाक हातात आल्यावर दोन्ही पाय असतात.

मी त्याला रागावले. सवय लागली आहे आणि निमित्त शोधतोस, असे म्हटले. पद्धत अर्धवट सोडायची नाही, मदरबोर्ड राहिला आहे, तो उद्या येतो आहे, तो झाला की काय ते ठरवू, असेही म्हटले. तो रडला. कुंदनला मी लहानपणानंतर रडताना पाहिलेले नाही.

२१ जानेवारी, मंगळवार.

काल तो झोपलेला असताना मी मदरबोर्ड बदलला. जुना शाहबाजांकडे. सही केली.

आज सकाळी साडेआठला तो बसला. कुबड्या भिंतीला लावल्या आणि बसला. मी अडवायला हवे होते. मी शेजारी वही घेऊन बसले होते.

दुपारी बारा : एकदाही नाही. चार : नाही. सात : नाही. लाल शाईने लिहिले, दोष दूर झाला.

मग हाक मारली.

२२ जानेवारी, बुधवार.

उठला नाही. पापण्या लवतात, हात फिरतात, एक्सीलरेटरवर पाय आहे. ऐकू जात नाही. डॉक्टर हिलाल येऊन गेले. नाडी चांगली, रक्तदाब चांगला. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि मलाच विचारले की हे कुठे बघताहेत?

१०.४०ला मी प्लग उपटला. यूपीएसची वायरही काढली. पडदा काळा झाला.

कुंदनचे हात फिरतच राहिले. डावीकडे. सरळ. पुन्हा डावीकडे. घाटातल्या वळणांसारखे. मी त्याची बोटे एकेक करून सोडवली. हात हवेत फिरू लागले.

अकराला परत चालू केले. ट्रक मी सोडला होता तिथे नव्हता. वीस मिनिटांचा रस्ता पुढे गेला होता.

२३ जानेवारी, गुरुवार.

सकाळी सातला शाहबाजांच्या घरी गेले. दुकान उघडायच्या आधी. जुने भाग परत द्या म्हटले, सगळे. ते म्हणाले, बाई, तुम्हीच सही केली आहे. मग माझ्याकडे नीट पाहिले आणि चप्पल घालून सोबत निघाले.

कार्ड धुळ्याला गेले, कोणाकडे ते त्यांना ठाऊक नाही. रॅम तुटली. मदरबोर्ड भंगारात. एसएमपीएस जामनेरला मोतीलाल नावाच्या अडत्याकडे. शाहबाज स्वतः मोटरसायकलवर जाऊन घेऊन आले.

तो बसवला. २.३१ला चित्र थरथरले. कुंदनच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. "अक्का," म्हणाला. नक्की म्हणाला, शाहबाजांनीही ऐकले.

मग डब्यातून धूर आला. जळाला. तो जळूनही खेळ चालूच. कशावर, माहीत नाही. वायर माझ्या हातात होती.

शाहबाज दारात बसून दुवा म्हणत होते.

२४ जानेवारी, शुक्रवार.

ॲम्ब्युलन्स बोलावली होती. तिच्याबरोबर आलेल्या दोघांनी त्याला खुर्चीतून उचलले. टेबलापासून चार हात दूर नेले आणि श्वास थांबला. ओठ निळे. मी ओरडले, परत ठेवा, परत. हात चाकावर ठेवले तेव्हा श्वास आला. त्यांनी पुन्हा हात लावायला नकार दिला. मीही लावू दिला नसता.

दीपमालाला फोन केला. ती उद्या दुपारच्या गाडीने निघते.

आता सर्वांत मोठी भीती लिहिते. त्याला झोप येते आहे. तीन दिवस झाले. डोळे मिटतात आणि पडद्यावर ट्रक दरीच्या कडेला जातो. मी कानात ओरडते, तेव्हा सरळ होतो. ट्रक खाली गेला तर —

दर पाच मिनिटांनी ओरडते. घसा बसला.

२५ जानेवारी. शनिवार. सकाळ.

सहाला पडद्यावर कडेचा दगड उडाला. त्याच्या कपाळातून रक्त आले. इथे. खुर्चीत.

विचार केला. शांतपणे. लॅबमध्ये करायचे तसा.

वीज बदलली. रॅम. कार्ड. बोर्ड. सगळे भाग बदलून झाले. एकच भाग बदललेला नाही. चालवणारा.

लांबच्या फेरीला ड्रायव्हर बदलतात. कुंदन सांगायचा, नुसते उतरून चालत नाही. देणाऱ्याने गाडीतली एकेक गोष्ट मोठ्याने म्हणायची, घेणाऱ्याने तीच परत म्हणायची. शेवटचे नाव घेणाऱ्याचे. तोवर गाडी जुन्याचीच.

मला गाडी येत नाही. त्याने काय बिघडते.

त्याच्या कानात म्हटले, कुंदन, बदली आली आहे. चार्ज दे.

ओठ हलले.

दुपार. १२.२०

दीपमाला, तो उठेल तेव्हा आधी पाणी दे. एकदम जेवण नको. त्याला या खोलीत येऊ देऊ नकोस. मला चाकावरून उचलू नका. शाहबाजांचा दोष नाही. सह्या माझ्या आहेत.

तो म्हणतो आहे. मी म्हणते आहे. डावा हात चाकावर, त्याच्या हाताशेजारी. उजव्याने लिहिते.

सुपूर्द —

गाडी एक. मिळाली.

चावी. मिळाली.

कागद, पिशवीसह. मिळाले.

डिझेल, पाव टाकी. मिळाले.

टायर दहा, मागचा डावा गुळगुळीत. मिळाले.

ब्रेक. नाहीत. मिळा—

त्याचा हात सुटला. एक हात. कुंदन माझ्याकडे बघतो आहे. नको म्हणतो आहे, मान हलवतो आहे, अक्का नको — गप्प, मी म्हटले, पुढचे सांग

माल, ताडपत्री बांधलेली. आत काय ते विचारायचे नाही. मिळाला.

रस्ता. मिळाला. घाट दिसतो आहे, खोलीत वारा

देणार : कुंदन.

घेणार :