लवूला चहा देऊ नये

चारकोप, कांदिवली पश्चिम
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

प्रिय श्वेता,

आशीर्वाद आहेतच, ते माझ्या रागावर अवलंबून नसतात. निलेशलाही सांग.

रविवारी तू तुझ्या वडिलांना चहा पाजलास, त्याचा व्हिडिओ काढलास आणि 'मसुरकर परिवार' ग्रुपवर टाकलास, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोनवर बोलून झालं. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि मी चिडले की माझे मुद्दे सुटतात. निलेश शनिवारी येईल, त्याच्या हाती हे देईन. शनिवारचं शेवटी लिहिते.

आधी तो व्हिडिओ काढून टाक. तुझ्या चुलत भावांनी त्याखाली हसरे चेहरे टाकलेत. कुडाळच्या एकाने लिहिलंय, "लवूकाका सुटले एकदाचे." सुटले म्हणजे काय? एक माणूस सत्तावीस वर्षं एक नियम पाळतो. आजारपणात त्याला कळेनासं झालं की त्याच्याच हातून तो मोडवायचा आणि वर टाळ्या पिटायच्या. झोपलेल्या माणसाच्या मिशा कापण्यातला प्रकार आहे हा.

तू म्हणालीस, "यार आत्या, एक कप चहा. स्वतः मॉर्मन आहेत हे तरी बाबांना आठवतंय का?" मग म्हणालीस, "आणि तू बोलतेस? सगळ्यात जास्त तूच चिडवायचीस त्यांना."

चिडवायचे. गिरणी बंद पडल्यावर लवूचं काय झालं होतं ते तुला थोडंफार आठवत असेल, तू दहा वर्षांची होतीस. गोरेगावच्या स्टुडिओत सेटच्या सामानाच्या गोदामावर लागला, पण पगार घरी यायच्या आधी दारूच्या दुकानात जायचा. गोदामावरच्याच कुंडलिकने त्याला अंधेरीच्या मॉर्मन ख्रिस्ती सभेत नेलं. सहा महिन्यांत बाप्तिस्मा, आणि दारू बंद. त्यांच्यात चहा-कॉफीही चालत नाही, म्हणून चहासुद्धा बंद. दारूबद्दल मी कुंडलिकला हात जोडले. पण दारू सोडणारे मी पुष्कळ पाहिले होते, चहा सोडणारा मालवणी माणूस पाहिला नव्हता. दर गणपतीत त्याच्यापुढे गरम पाण्याचा कप ठेवून मी म्हणायचे, "घे रे लवू, साखर घालू की तीही तुमच्या देवाला चालत नाही?" तो हसायचा आणि पाणी प्यायचा.

तुझ्या बैठकीच्या दिवशी निलेशची आई म्हणाली होती, "मुलीचे वडील आमच्या घरचा चहा घेत नाहीत, मग सोयरीक कशी समजायची?" मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. त्याने शांतपणे सांगितलं, "मुलगी घेते ना चहा. तिलाच तर देतोय तुम्हाला." सगळे हसले आणि लग्न ठरलं. तू त्याच्या नियमात बसत नव्हतीस, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. त्याने तुला अडवलं नाही.

आता मुद्द्यावर येते. त्याचा सध्याचा दिवस तुला माहीत नाही. तू महिन्यातून एकदा येतेस, जेवतेस, त्याचा हात हातात धरून रडतेस आणि पुण्याला जातेस. मी तक्रार करत नाही, नोकरी आहे, मुलं आहेत. पण तुला दिसतो तो तास-दोन तासांचा माणूस.

सकाळी उठला की तो आधी पलंगाशेजारी गुडघे टेकतो, हात छातीशी घडी करून. आधी आभार, मग मागणं, शेवटी येशू ख्रिस्ताचं नाव आणि आमेन. त्यानंतर त्यांच्या पुस्तकाचं एक पान. त्याची ओळ सुटते, म्हणून मोठ्याने मी वाचते. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, मला त्यातलं निम्मं पटत नाही, तरी वाचते. कधीकधी पुढचं वाक्य माझ्याआधी तोच म्हणतो. जेवताना ताटावर प्रार्थना झाल्याशिवाय घास उचलत नाही आणि मलाही उचलू देत नाही, मनगट धरून ठेवतो. रविवारी सभेतले दोघे येऊन प्रसादासारखा पाव आणि पाणी देतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो. डॉक्टरांनी तो बंद करायला सांगितलाय, म्हणून त्या दिवशी मी त्याला सांगते की आज दुसरा रविवार आहे. त्यांच्या सभेचे प्रमुख, ब्रँच प्रेसिडेंट, म्हणाले, "ताई, आजारी माणसाला सूट असते, खोटं बोलायची गरज नाही." मी म्हटलं, "तुम्ही त्याला सूट समजावून सांगा, मग मी खरं बोलते."

या सगळ्याच्या मधल्या वेळात लवू जवळजवळ नसतो. संडास कुठे आहे ते विचारतो. टीव्ही बंद असला तरी समोर बसतो. मला 'बाई' म्हणतो. परवा विचारत होता, "बाई, तुमची ड्युटी कधी संपता?" मी सांगितलं, संपली की कळवीन.

आता रविवारचं. मी भाजी आणायला खाली गेले तेवढ्यात तू चहा केलास. व्हिडिओत दिसतं की तो बशीत ओततो, फुंकर मारतो आणि बशी आधी तुझ्यापुढे धरतो. तू लहान असताना तो तुला तसाच पाजायचा. त्या बशीत तुला कोण सापडेल असं वाटलं ते मला कळतं, श्वेता. मी मूर्ख नाही. पण तू साडेपाचच्या गाडीने गेलीस, पुढचं मी पाहिलं.

रात्री तो गुडघ्यावर आला नाही. तसाच आडवा झाला. सोमवारी अंधारात उठून बसला आणि म्हणाला, "भोंगो झालो काय गो? च्या दी, कामार जातंय." मी चहा दिला नाही. मला शिवी दिली. दारू सुटल्यापासून त्याच्या तोंडून मी शिवी ऐकली नव्हती. वाचायला बसला नाही. जेवणावर प्रार्थना नाही, सरळ भातात हात. दोन दिवस चपला घालून दारात उभा होता, गिरणीत जायला. तुझ्या आईचं, पार्वतीचं, नाव घेतलं तर ओळख नाही, कारण त्या काळात त्याचं लग्नच झालेलं नव्हतं. भिंतीवरचा तुझ्या लग्नाचा फोटो दाखवला. त्याने तुझ्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "ह्या चेडू कोणाचा?"

मी तीस वर्षं औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढली. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये हे मला तू शिकवायला नको. चहामुळेच झालं असं मी लिहून देणार नाही. त्याचा मेंदूचा आजार आहे, तो आपल्या मर्जीने चालतो. एवढंच सांगते की चहाआधी एक माणूस होता आणि चहानंतर दुसरा.

फोनवर तू शेवटी म्हणालीस, "बाबांचा विश्वास कधी नव्हताच आत्या, नुसती सवय होती. मला पहाटे उठवून वाचायला बसवायचे, त्यांनाही डुलक्या लागायच्या." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी शहाण्णव साली आई गेल्यापासून रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावते. विश्वास आहे का म्हणून कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. काही दिवशी असतो, पुष्कळ दिवशी नसतो. नसतो त्या दिवशीही दिवा लावते, आणि मला वाटतं म्हणूनच तो कधीतरी परत येतो. येऊन बसायला त्याला जागा लागते. लवूने तर दिवसातून पाच वेळा जागा करून ठेवली होती. डुलक्या लागल्या असतील. बसला होता ना?

इथवर लिहून मी दोनदा पेन खाली ठेवलं. पुढचं तुला सांगायचं नव्हतं.

गणपतीच्या आधी मी स्वयंपाकघरात घसरून पडले. तुला कळवलं नाही, कारण तू त्याला न्यायला लगेच गाडी पाठवली असतीस. उठता येईना. हाका मारल्या, "लवू, शेजारच्या विनिताला बोलाव रे." तो दारात आला, बघत राहिला. त्याला काही सुधरेना. जेवायची वेळ होती, मी जमिनीवर होते, एवढंच त्याला दिसत होतं. मग तो माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला, हातांची घडी घातली आणि डोळे मिटले. मला वाटलं, ताटावरची म्हणतोय. संताप आला. तो म्हणाला, "आमच्या स्वर्गातल्या पित्या, माझ्या पार्वतीसाठी तुझे आभार. श्वेतासाठी, तिच्या घरासाठी आभार. माझी ताई सुलक्षणा एकटी आहे, तिला सांभाळ. तिचा राग कमी कर." शेवटी आमेन म्हणून डोळे उघडले आणि मला विचारलं, "बाई, पडलात काय?"

विनिता नंतर दूध द्यायला आली तेव्हा तिने उचललं.

वर्षभर त्याने मला नावाने हाक मारली नव्हती. तुलाही नाही. नावं गेली असंच मी धरलं होतं. ती गेली नव्हती, श्वेता. रोज म्हणून म्हणून त्या ओळीत बसली होती. मी प्रार्थनेला खोलीत थांबत नसे, म्हणून इतकी वर्षं तो रोज माझं नाव घेत होता हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी त्याच्यापुढे गरम पाणी ठेवत होते. असो. त्यानंतर मी रात्री दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. क्रम बदलत नाही. आधी पार्वती, मग तू, मग मी.

सोमवारी नाही, मंगळवारी नाही. काल रात्री तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी पाट ओढला, कमरेचा पट्टा आवळला आणि गुडघे टेकले. हाताची घडी घातली. मला लाज वाटली. देवाची नाही, शेजारच्यांची, खिडकी उघडी होती. "आमच्या स्वर्गातल्या पित्या" एवढं म्हटलं आणि मुद्दाम थांबले. परत म्हटलं, परत थांबले. तिसऱ्यांदा तो उठला, "सरा बाई," म्हणाला, माझ्या शेजारी उतरला आणि पुढचं त्याने म्हटलं. पार्वती आली. मग तू आलीस. माझं नाव आलं नाही. आज सकाळी आलं.

काल रात्री आमेन झाल्यावर मला पाटावरून उठता आलं नाही. त्यालाही नाही. आम्ही दोघे पलंगाला टेकून बसून राहिलो, दमलेल्या हमालांसारखे. डॉक्टरांनी मला कोणालाही उचलायला मनाई केलीय, गेले तीन आठवडे मी ते ऐकत नव्हते. तेव्हा शनिवारी निलेशच्या गाडीतून त्याला पुण्याला तुझ्याकडे पाठवते. तू जूनपासून म्हणतेस, मी नाही म्हणत होते. आता हो म्हणते.

पण तुझ्या घरात तो तुझ्या पद्धतीने राहणार नाही. तुला प्रार्थना करायची नसेल तर करू नकोस, मी कोण सांगणारी, मलाही येत नाही. नुसती शेजारी बस आणि अडला तर पहिला शब्द दे. पान वाच. पुण्यातल्या सभेतल्या लोकांना घरी येऊ दे, त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावू नकोस. आणि चहा देऊ नकोस. तो मागेल. हात पुढे करून मागेल, तुला 'बाय माझी' म्हणेल. तरी देऊ नकोस. तुझा पहाटेचा राग तुझ्याजवळ ठेव, तो खरा आहे, पण तो त्याच्या कपात ओतू नकोस.

तुझी आत्या

*

शनिवार, २० सप्टेंबर. निलेशच्या ताब्यात दिलं ते असं:

लवू मसुरकर, वय एकाहत्तर. आंघोळ, नाश्ता आणि प्रार्थना झालेली.

गोळ्या, सकाळच्या आणि रात्रीच्या वेगळ्या डब्यांत.

पुस्तक. खूण घातली आहे, तिथून पुढे वाच.

आतले पांढरे कपडे, सहा जोड. त्यांच्या पंथाच्या हाँगकाँगच्या मंदिरात जाऊन आल्यापासून तो हेच घालतो. दुसरे घालायला जाऊ नकोस, घालून घेणार नाही.

गुडघ्यांचा पाट. निलेश म्हणाला, "आत्या, पाट आमच्याकडे आहे." मी म्हटलं, "हाच ने."

गाडीत बसताना त्याने काच खाली केली आणि मला म्हणाला, "येतंय हां बाई, ड्युटी संपली तुमची." निलेशने तोंड फिरवलं. तू विचारशील म्हणून लिहून ठेवलं, निलेश थांबलाय.

पोचल्याचा फोन नको. रात्री झोपायच्या वेळी त्याने कोणाकोणाची नावं घेतली तेवढं कळव. एखादं गळलं असलं तरी कळव.

दिलं.

सुलक्षणा मसुरकर