तुझ्या नावावर खपवलेली हाक

प्रिय बाळा,

सोमवारपासून मी रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर जाणार आहे. तिथल्या मोठ्या सिस्टरांनी काल तसं पक्कं सांगितलं. ज्यांना भेटायला कोणी येत नाही, अशा म्हाताऱ्या रुग्णांचा तो वॉर्ड. पगार नाही, सकाळी नऊ ते बारा नुसतं जायचं. सिस्टरांनी आधीच बजावलं, "काका, उपदेश नको. पाणी पाजायचं, नखं कापायची आणि गप्प बसायचं. जमेल?" गप्प बसणं मला छान जमतं, मी म्हणालो. त्या हसल्या. तू हसणार नाहीस. अकरा वर्षं माझं गप्प बसणं तूच सोसलं आहेस.

बाकी बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात. तुझ्या आईचं शिवणयंत्र शेजारच्या वहिनींना देऊन टाकलं. कंपनीनं निवृत्त होताना दिलेलं भिंतीवरचं घड्याळ आठवड्यात बंद पडलं. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण ते घड्याळ उघडायचा अजून कंटाळा करतोय.

तू पंधरा वर्षांचा असशील तेव्हा. त्याच रुग्णालयाची लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली होती. हत्यारांची पेटी घेऊन वॉर्डातून जाताना एका आजोबांनी माझी बाही धरली. "जरा बसता का? प्रार्थना करायची होती." मी म्हणालो, "लिफ्टचं काम आहे, आजोबा. आलोच." काम संपलं आणि मी जिन्यानं उतरून गेलो. पुढच्या वेळी त्या खाटेवर दुसरंच कोणी होतं. तेव्हापासून ते शब्द माझी पाठ सोडेनात. दाढी करताना, लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना, उपासनेत डोळे मिटले की तेच: जरा बस. प्रभू बोलावतोय हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

मी घाबरलो. मरणाऱ्या माणसाशेजारी बसून त्याच्या तोंडाकडे पाहणं माझ्याच्यानं झालं नसतं. मग मीच तोड काढली. देवाला आपल्या घरातलं एक माणूस हवंय, असं मी ठरवलं, आणि तुझा आवाज चांगला होता. एका रविवारी चर्चमध्ये उभं राहून मी सगळ्या मंडळीसमोर तुला देवाच्या सेवेला देऊन टाकलं. लोकांनी माझे हात हातात घेतले. घरी आल्यावर तुझी आई चपला काढता काढता म्हणाली, "पोराला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

पाळक होण्याचं शिक्षण घ्यायला सेमिनरीत तू अडीच वर्षं काढलीस. अकरा वर्षांपूर्वी परत आलास, दारात ट्रंक ठेवलीस आणि म्हणालास, "पप्पा, मला कोणी बोलावलेलं नाही हो. मी खूप ऐकून पाहिलं." इतकं खरं बोलणं मी देवळातही फार ऐकलेलं नाही. त्या दिवशी मात्र मी वर्तमानपत्र उघडलं. लोक तुला पळपुटा म्हणू लागले, तेव्हा मी मान खाली घातली आणि सगळे मला बिचारा बाप म्हणाले. ते मला गोड लागलं, हेही लिहून टाकतो. आईच्या दफनाला तू अगदी मागे, भिंतीला टेकून उभा होतास. मी तुला पाहिलं होतं, बाळा. पाहिलं नाही असं दाखवलं.

गेल्या महिन्यात ती लिफ्ट पुन्हा अडकली. नव्या मेकॅनिकांना उमगेना, म्हणून मला फोन आला. वॉर्डात खिडकीजवळच्या एक आजी मला पाहून म्हणाल्या, "आलास? किती उशीर केलास रे." कोणाची वाट पाहत होत्या, कोण जाणे. मी पेटी खाली ठेवली आणि बसलो. तास गेला. खालून मॅनेजर ओरडत होता. सिस्टर म्हणाल्या, "काका, दुरुस्तीला आलात की भरती व्हायला?" आजींनी हात सोडला नाही असं मी त्यांना सांगितलं. खरं तर मीच सोडला नव्हता. इतकी वर्षं ज्याला भ्यालो, ते एवढंच होतं. दोन दिवसांनी आजी गेल्या.

देवानं मला मागितलं होतं. मी तुला देऊन टाकलं.

येत्या रविवारी पाळकसाहेब या कामासाठी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना करणार आहेत. त्याआधी पाच मिनिटं बोलायला मी मागून घेतली आहेत. पळाला तो बाप, मुलगा नव्हे, हे मला त्याच लोकांसमोर सांगायचं आहे. पण त्यात तुझी गोष्ट येते, म्हणून या खेपेला आधी तुला विचारतोय. तुझं काही बोलू नये असं वाटत असेल तर फोन कर; नुसतं "नको" म्हणून ठेवलास तरी चालेल, मी फक्त माझं सांगेन. तू ये, असं म्हणायचा हक्क मी घालवून बसलोय. पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळावं. रविवारी दुसरं गीत संपलं की पाळकसाहेब मला पुढे बोलावतील, आणि मी उठेन.

तुला चालत असेल तर तुझाच,
पप्पा