चालता चालता वाजवणे

छकुली,

तुझ्या क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची एक रीड, ती वेताची पातळ पट्टी, आज माझ्या हातून चिरली, क्षमस्व. लष्करी बँडमध्ये पावले टाकतानाही सूर हलत नाही, हे तुझे कालचे विधान मला पटले नव्हते. म्हणून क्लॅरिनेट फुंकत व्हरांड्यात चालून पाहिले. चौथ्या पावलाला दारावर आदळलो. आई म्हणाली, "आता तरी पोरीला तिचं ठरवू द्या!"

माझे मत अद्याप संगीत महाविद्यालयालाच आहे. तथापि नवी रीड आणायला जाताना त्या लष्करी बँडच्या मास्तरांना गाठून, हे साधते कसे, ते विचारणार आहे. उत्तर केवळ माझ्या कुतूहलापोटी हवे आहे. अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. महाविद्यालयाच्या आणि लष्करी बँडच्या, दोन्ही अर्जांवर सही केली आहे. माझ्यासाठी थांबू नकोस, हवा तो दे.

बाबा