कलघटगीची राहिलेली हजेरी

मी, मालती नारायण सुलाखे, वय सत्तावन्न, धंदा शिवणकाम, राहणार दाजीबानपेठ, हुबळी, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाला न भिता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला दुखणं काही नाही. डॉक्टरांनी परवाच तपासलं, साखरसुद्धा नाही म्हणाले. तो दाखला सोबत जोडला आहे. "मग एवढी घाई कशाची?" असं माझा भाऊ वसंत विचारेलच. वसंता, शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून ओरडायची तुझी खोड जुनी आहे.

१. दुकानावरच्या घरातला माझा वाटा आणि बँकेतली ठेव मी वसंताची मुलगी वेदश्री हिला देते. ती धारवाडला कॉलेजात शिकते. शिक्षण पुरं होईपर्यंत तिच्या लग्नाचा विषय कोणी काढायचा नाही. माझ्या लग्नाच्या विषयाने या घरात काय झालं ते पुढे येईलच.

२. शिलाई मशीन संगीतावहिनीला द्यावं. लग्न होऊन आल्यापासून तिने माझ्याकडून फुकटात ब्लाउज शिवून घेतले. आता स्वतः शिव म्हणावं. कात्री मात्र वेदश्रीची.

३. आता मुख्य मिळकत. "थ्री फेज: गाजलेली आणि मैदानातली" ही कॅसेट, तिची मूळ टेप आणि माझा टेपरेकॉर्डर. थ्री फेज हे आमच्या बँडचं नाव, आणि मैदानातली म्हणजे जत्रांत लोकांसमोर वाजवताना टेप केलेली. ही गाणी माझा धाकटा भाऊ कै. मंजुनाथ, त्याचा दोस्त कै. मारुती पिसे आणि मी अशा तिघांची आहेत. मंजू गायचा आणि गिटार वाजवायचा, मारुती ड्रम, मी कीबोर्ड. लोक ऑर्केस्ट्रा म्हणाले की मंजू चिडायचा. "ऑर्केस्ट्रा दुसऱ्यांची गाणी म्हणतो, अक्का. आपण रॉक बँड!" निम्मी गाणी मराठी, निम्मी कन्नड. वसंताने कापडाच्या गोदामात तालमीला जागा दिली नाही, म्हणून आम्ही मारुतीच्या घरी, म्हशींच्या गोठ्याशेजारी वाजवायचो. म्हशींचं दूध आटेल असं त्याची आई म्हणायची. उलट वाढलं! वसंता, हे मी विसरलेले नाही.

आमची एक रीत होती. शेवटच्या गाण्याआधी मंजू हजेरी घ्यायचा. माइकवर नाव पुकारायचा आणि ज्याचं नाव त्याने तोंडाने नाही, वाद्याने "हजर" म्हणायचं. "मारुती!" की ड्रम. "अक्का!" की माझा कीबोर्ड. मग तिघं मिळून शेवटचं गाणं. हजेरीशिवाय ते गाणं आम्ही कधी वाजवलं नाही.

कलघटगीच्या जत्रेत हजेरीच्या तोंडावरच वीज गेली. माइक बंद, कीबोर्ड बंद. टेपरेकॉर्डर सेलवर होता, तो चालू राहिला. मंजू तसाच मोठ्याने ओरडला, "हजेरी राहिली! पुढच्या खेपेला घेऊ!" लोक हसले. तेवढं टेपमध्ये आहे. परत येताना टेंपो झाडावर आदळला. मी पुढे बसले होते. मंजू मागे स्पीकरांजवळ होता, तो जागीच गेला. चोवीस वर्षांचं पोर माझं.

दहाव्याला उणकल तलावावर कावळा शिवेना. कावळे होते, झाडावर ओळीने बसले होते, पण पिंडाकडे एकही येईना. आमचे वडील, अप्पा, हात जोडून म्हणाले, "मालतीचं लग्न करून देतो रे बाळा, जा आता." कावळे हलले नाहीत. त्याला माझ्या लग्नाची कधी पडली होती! आईला सांभाळतो म्हणून झालं, काशीला जातो म्हणून झालं. मग मारुती पुढे आला. "मंजू, गाणी काढतो बघ. गाजलेली आन् मैदानातली, सगळी एका कॅसेटवर. एक अक्षर गाळत न्हाई." कावळा खाली उतरला आणि शिवला. आम्ही रडत रडत हसलो.

म्हणून ही कॅसेट निघाली. तिचे सर्व हक्क मी वसंताचा मुलगा श्रीनिधी याला देते. त्याने ती मोबाइलवर खुशाल काढावी. अट एकच. त्याने कॉम्प्युटरवर कलघटगीच्या रेकॉर्डिंगचं शेपूट कापलं आहे. "आत्या, नुसती खरखर आहे ती," म्हणतो. श्रीनिधी, तुला खरखर ऐकू येते ते बरंच आहे. पण कावळ्याला शब्द दिलेला आहे. कापलेलं जसंच्या तसं परत जोडायचं.

४. आता त्या शेपटात काय आहे ते लिहिते. हसणार त्याने हसावं.

कॅसेट तयार करताना मी आणि मारुती ती टेप ऐकत बसलो होतो. "पुढच्या खेपेला घेऊ" झालं, लोकांचा गलका झाला आणि त्यामागून स्वच्छ आवाज आला, "मारुती!" मंजूचाच. त्या दिवशी तो असं म्हणाला नव्हता. आम्ही दोघं तिथे होतो, आम्हाला ठाऊक नाही? पण सवय वाईट. मारुतीची बोटं टेबलावर वाजली, ड्रमवर रोल देतात तशी. ती त्याची हजेरी झाली. कॅसेटची वेष्टणं छापून यायच्या आत मारुती साध्या तापाने गेला. त्याच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. थांबलासुद्धा नाही.

त्यानंतर टेपमध्ये मारुतीचं नाव येत नाही. माझं येतं. दर वर्षी मंजूच्या तिथीला मी ती लावते. "अक्का! बा!" कन्नडात ये म्हणून बोलावतो, रागावून नाही. मी चप्पल घालायला थांबले आहे आणि तो दारात उभा आहे, असं. मी उत्तर दिलं नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? मला जगायचं होतं. कीबोर्ड चादरीत बांधून माळ्यावर टाकला आणि तेवढी एक हाक सोडून त्याचं सगळं मानत आले.

यंदा वेदश्रीने कीबोर्ड खाली काढला. बोटं माझीच आहेत तिची, हुबेहूब. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मीच तिला शिकवलं, शेवटच्या गाण्यासकट. पण गेल्या आठवड्यात ती कानाला हेडफोनचं यंत्र लावून मूळ टेप ऐकत कीबोर्डाशी बसली होती. मला म्हणाली, "आत्या, मंजूकाकांना माझं नाव कसं ठाऊक? मी जन्मायच्या आधीच गेले की ते." बोलता बोलता तिचा हात पट्ट्यांकडे निघाला होता. मी धावत जाऊन कीबोर्डाची वायर उपसली. मग ते यंत्र स्वतःच्या कानाला लावलं. "वेदश्री! बा!"

मंजू, हे तुझं चुकलं. कीबोर्डाशी जो बसेल त्याला बोलावायचं, एवढंच तुला कळतं. तुझं शेवटचं गाणं अडलंय हे मला समजतं रे. पण लेकराला हात लावायचा नाही. तुझी कीबोर्डवाली मी आहे. येते मी.

५. कीबोर्ड मी आज कोणालाही देत नाही. माझ्या दहाव्याला बघावं. कावळा शिवला, तर मी पोचले आणि हजेरी पुरी झाली असं समजून तो वेदश्रीला द्यावा आणि तिला मनसोक्त वाजवू द्यावं. नाही शिवला, तर मला कसलाही शब्द देत बसू नये. टेप आणि कीबोर्ड दोन्ही जाळावीत आणि पोरीला त्याच दिवशी बेळगावला मामाकडे न्यावं. वसंता, हे तुझ्यावर सोपवते. यात हयगय केलीस, तर मीच पुकारीन तुला.

वेदश्री, रडू नकोस गं. तुला शिकवताना मला जे सुख मिळालं, ते फार झालं.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यानंतर करायला सवड मिळणार नाही. वरचा मजकूर साक्षीदारांनी मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

मालती नारायण सुलाखे (सही)
दाजीबानपेठ, हुबळी. दि. १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. अप्पाजी पतंगे, कापड व्यापारी, दाजीबानपेठ (सही)
२. सरस्वती हुद्दार, निवृत्त शिक्षिका, मळमड्डी, धारवाड (सही)

साक्षीदार क्र. २ यांची नोंद: सह्या झाल्यावर मालतीबाईंनी आम्हाला चहा दिला, आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतले आणि टेप लावली. पेठेत सकाळपासून वीज नव्हती. टेप सेलवर चालते, पण कीबोर्ड वायरीवरचा. तरी तो वाजला, हे आम्ही दोघांनी ऐकले. पाठोपाठ ड्रम आणि गिटार. अप्पाजी दार उघडायला उठले, मी त्यांचा हात धरला. एक गाणे पुरे झाले. नंतर आम्ही बराच वेळ दाराला कान लावून होतो. आतून मालतीबाईंची चाहूल लागली नाही आणि कोणाचेही नाव पुकारले गेले नाही.