तळघरातील तिसरा खांब नापास करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य बांधकाम निरीक्षक,
बांधकाम परवाना विभाग,
टॅमरॅक फोर्क काउंटी, मिनेसोटा.

विषय : आमच्या तळघरातील तिसऱ्या खांबाची मंजुरी रद्द करून तो नापास करण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. २ ऑक्टोबर. २) आपला मंजुरीचा हिरवा कागद, दि. ७ नोव्हेंबर.

महोदय,

मी, मार्लिस कोस्केला, शाळेची बस चालवते. माझी आई लेम्पी, वय ८४, हिचे गुडघे कामातून गेले आहेत. आमचे घर उतारावर असल्याने तळघराला मागच्या अंगणातून सरळ दार आहे, एकही पायरी नाही. म्हणून ते तिच्यासाठी राहण्याजोगे करायला घेतले. मधोमध तीन लोखंडी खांब आहेत आणि त्यांवरील तुळईवर सगळे घर उभे आहे. उघडे लोखंड खोलीत बरे दिसेना, म्हणून मी खांबांभोवती लाकडी खोकी बसवली. तिसरा खांब सौनाला, म्हणजे आमच्या वाफेच्या स्नानाच्या खोलीला, लागून आहे. तो माझे वडील कै. उर्हो यांनी चाळीस वर्षांपूर्वीच देवदाराच्या फळ्यांनी बंद केला होता. मी त्या फळ्यांवरच नव्या फळ्या ठोकल्या.

त्यावर आपली नोटीस आली, की खोकी काढा, खांबांचे बूड दाखवा. खरे सांगते, मी आपल्या नावाने बोटे मोडली. आईने तर वडिलांच्या फळ्यांना हात लावू देणार नाही म्हणून दोन दिवस अबोला धरला. शेवटी मी फळ्या काढल्या, तेव्हा ती खुर्ची टाकून समोर बसून होती. आत काय निघाले? दर शनिवारच्या सौनाची चाळीस वर्षांची वाफ त्या खोक्यात कोंडून खांब वरपासून गंजला होता आणि त्याचे बूड तर सडले होते. स्क्रू पिळायचा पेचकस आरपार गेला. म्हणजे आपली नोटीस बरोबर होती. हे मी लेखी देत आहे, जपून ठेवा.

मी त्याच दिवशी फोन करून तपासणी मागितली. आपले निरीक्षक महिन्याभराने आले, तेही शुक्रवार दि. ७ रोजी, म्हणजे हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडण्याच्या आदल्या दिवशी, नारिंगी जाकीट चढवून, गाडीत बंदूक ठेवून. मी बसच्या फेरीवर होते. गृहस्थ गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. खांब उघडे केलेत का, असे त्यांनी काच खाली करून विचारले. आई हो म्हणाली. तिने त्यांना कॉफी आणि वेलदोड्याच्या पावाचे दोन तुकडे दिले. त्यांनी मांडीवर कागद ठेवून लिहिले, 'खांब १, २, ३ : समाधानकारक. बंद करण्यास हरकत नाही.' आणि गेले शिकारीला!

महोदय, काय समाधानकारक? पाव?

दि. १० रोजी मी आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरील बाई म्हणाल्या, फाईल बंद झाली. बरे, खांब बदलण्याचा नवा परवाना द्या म्हटले, तर खांब समाधानकारक असल्याने बदलण्याचे कारण दिसत नाही, असा शेरा मारून अर्ज परत. परवान्याशिवाय गावातला कोणीही मिस्त्री त्या तुळईखाली टेकू लावायला तयार नाही. मग अपील करते म्हटले. तर अपील फक्त नापास झालेल्यांनाच करता येते! मी पास झाले आहे, म्हणून मला दाद मागायची सोय नाही. उद्या छपरावर हात-दीड हात बर्फ साठेल, त्याचे ओझे त्याच तुळईवर येणार. बर्फाला आपला हिरवा कागद वाचता येत नाही.

हा सगळा त्रास मी गिळलाही असता. परंतु माझी आई आपल्या सरकारवर विश्वास ठेवणारी बाई आहे. तिने तो कागद चौकटीत घालून सौनाच्या दारावर लावला आहे. दि. ११ रोजी मी कामावर असताना शेजाऱ्यांना बोलावून तिने आपला पलंग खाली नेला आणि नेमका तिसऱ्या खांबाशेजारी मांडला. मी पेचकस घालून भोक दाखवले. ती म्हणाली, "साहेबांनी लिहून दिलंय ना, ठीक आहे म्हणून? मग तुझ्या बापाच्या कामाला नावं ठेवू नकोस." वर चल म्हटले तर ऐकत नाही. रडून पाहिले, ओरडून पाहिले. रोज बसमध्ये चाळीस पोरे गप्प बसवते मी, पण या एका बाईपुढे माझे काही चालत नाही. तिला त्या पलंगावरून उठवू शकेल असा एकच कागद आहे, आणि तो फक्त आपल्याकडे आहे.

तरी सदर खांब तात्काळ नापास करावा. वडिलांचे नाव त्यात नसावे. चूक माझ्या फळ्यांची आहे असे लिहावे, माझी हरकत नाही. अक्षर मोठे काढावे. तिचा चष्मा वर राहिला आहे आणि तो आणायला गेले तर तेवढ्यात ती कागद फाडेल.

नापास होण्याच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
मार्लिस उर्हो कोस्केला
दि. १९ नोव्हेंबर

सोबत :
१) मंजुरीच्या कागदाचा फोटो. (मूळ प्रत आई देत नाही.)
२) खांबाच्या बुडाचे व पलंगाचे एकत्र छायाचित्र.
३) पाकिटात, तिसऱ्या खांबाचा गंज, अंदाजे एक मूठ. खरवडलेला नाही. आज सकाळी आईच्या चादरीवरून झटकला.