साठ टक्क्यांचा दगड

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. साखर कारखान्यात चीफ केमिस्टची जागा रिकामी झालीय. लॅब इन्चार्ज मी. सतरा वर्षं. दुसरं कोण असणार? अशा माणसाच्या नोंदी ठेवलेल्या बऱ्या.
ठराव: आठला लॅबमध्ये हजर. चहा दोनच. प्रत्येक टेस्ट पुस्तकाप्रमाणे.
पोचलो साडेनऊला. गाडीत हवा कमी होती. चहा पाच.

७ ऑक्टोबर, दुपार
बेलापूरहून बायडाबाई आल्या. त्यांची चुन्याची भट्टी आहे. उसाचा रस साफ करायला आपल्याला चुना लागतो, तो दहा वर्षं त्यांच्याकडूनच येतो. यंदा नवीन नियम आलाय. भट्टीत जाणारा चुनखडीचा दगड आधी तपासायचा, नव्वद टक्के शुद्ध निघाला तरच ऑर्डर. तपासणार मी.
बाई मूळच्या पाथर्डीकडच्या. नवरा वारल्यापासून भट्टी त्याच बघतात. हाताखाली गावाकडची चौदा माणसं. म्हणाल्या, "सायेब, हितं काम असलं की मानसं ऊसतोडीला जात न्हाईत. पोरं साळंत ऱ्हात्यात. तेवढं नीट बगा."
मी म्हणालो, विज्ञानात भावनेला जागा नसते. वाक्य चांगलं जमलं. बाई दगडाची पिशवी टेबलावर ठेवून गेल्या.

९ ऑक्टोबर
गणित सोपं आहे. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तापवलं की चव्वेचाळीस ग्रॅम वायू उडतो, छप्पन्न ग्रॅम चुना उरतो. माती-वाळू आहे तिथंच राहते. म्हणजे वजन किती घटलं यावरून दगडात खरा माल किती ते कळतं. बारावीच्या पोरालाही येतं. करणं मात्र अनुभवी माणसाचं काम.
आज केलं नाही. उद्या.

११ ऑक्टोबर, शनिवार
केलं. लॅबमधली विजेची भट्टी नऊशे डिग्रीला न्यायची असते, पण आठशेच्या वर गेली की ट्रिप होते. सातशेला छान चालते. सातशे म्हणजे काही कमी नाही. अर्धा तास ठेवलं. त्यानंतर माझा डबा असतो.
दगडाची पूड ५.०० ग्रॅम. तापवल्यावर ३.६८. घट १.३२. भागिले चव्वेचाळीस, गुणिले शंभर: ३.०० ग्रॅम. पाचात तीन. साठ टक्के.
बरोब्बर साठ. पॉइंटनंतर काही नाही. पुस्तकातल्या उदाहरणांची उत्तरं अशीच येतात. सतरा वर्षांत इतकं स्वच्छ उत्तर आलं नव्हतं.
दुसऱ्या शिफ्टच्या केमिस्ट आरती मॅडम म्हणाल्या, "सर, वजन घटायचं थांबेपर्यंत तापवायचं असतं ना? एकदा परत ठेवू." मी म्हटलं, उत्तर आलंय. आलेल्या उत्तराला परत तापवत नसतात. त्या आपल्या टेबलाकडे गेल्या. पटलं असावं.
जनरल मॅनेजरसाहेबांना रिपोर्ट दिला. म्हणाले, "एवढ्यात झालं?" कौतुकच ते.

१४ ऑक्टोबर
चुन्याची ऑर्डर दुसऱ्याला गेली.
बायडाबाईंचा फोन. "साट कसं, सायेब? दगूड त्योच हाय. दरसाली त्याच खानीतनं येतोय." मी शांतपणे समजावलं. शंभर, चव्वेचाळीस, छप्पन्न, सगळं. वीस मिनिटं. पलीकडून चकार शब्द नाही. मला बरं वाटलं, बाईंना विषय कळतोय.
मग बघितलं, फोन कट झालेला. कधी झाला कोण जाणे.

१६ ऑक्टोबर
इलेक्ट्रिशियनने विजेची भट्टी दुरुस्त केली. आरती मॅडमनी माझ्या नकळत पिशवीतला उरलेला दगड नऊशेला तापवला. दोन तास. पाच ग्रॅममागे घट २.०९. पंचाण्णव टक्के.
कारणं असू शकतात. वजनकाट्यावर पंख्याचा वारा. पिशवीतला वेगळा खडा. शिवाय मॅडमना सर्व्हिस चारच वर्षं.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच
सगळे गेल्यावर माझीच मूस, पूड तापवायची वाटी, काढली. ३.६८ वाली, बरणीत झाकून ठेवली होती. नऊशेला एक तास. ३.०२.
आणखी एक तास. २.९१.
आणखी एक तास. २.९१.
घट २.०९, मॅडमचीच. मूस बरणीत ठेवली. हात धुतले. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं आत्ता लिहिताना वाटतंय.

१८ ऑक्टोबर
ठराव: सुधारित रिपोर्ट आजच. मजकूर तयार केला. 'सुधारित' म्हटलं की चूक झाली असा अर्थ निघतो. 'पूरक' बरं. दुसरा मसुदा केला. तिसराही.
परवापासून दिवाळीची सुट्टी. एवढ्या दिवसांत कुठं काय बिघडतंय.

२३ ऑक्टोबर
दिवाळी झाली. बायकोने विचारलं, गप्प का? म्हटलं, कामाचा विचार करतोय. टीव्ही बंद होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो, असं तिचं म्हणणं.

२५ ऑक्टोबर, शनिवार
साहेबांना पूरक रिपोर्ट दिला. त्यांनी वाचला. मी बाकीचं काय काय सांगत होतो, व्होल्टेज, पंखा. ते म्हणाले, "सहादेव, तापवायला किती वेळ ठेवलं होतं?"
अर्धा तास.
"करार झालाय आता. फाईलला लावा."
चीफ केमिस्ट संगमनेरकडचे कोणी येतायत. सोमवारी रुजू. हे साहेबांनी दुसऱ्या कागदावर सही करता करता सांगितलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार
अर्धी रजा टाकून बेलापूरला गेलो. रिपोर्टची झेरॉक्स सोबत. बोलायचं काय ते गाडीवर पाठ केलं.
भट्टीसमोर दोन ट्रॅक्टर. ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, शेळ्या, वर माणसं. दप्तरं पण होती, धान्याच्या पोत्याला टेकवलेली. बायडाबाई शेडला कुलूप लावत होत्या. त्याही निघाल्या होत्या. ऊसतोडीच्या फडावर पोरांना बघायला कोणी पाहिजे, म्हणाल्या.
पाठ केलेलं आठवलं नाही. कागद काढून वाचायला लागलो. घट इतकी, भागिले इतके. त्यांनी मधेच थांबवलं.
"म्हंजी दगूड चांगला हुता?"
"हो. पंचाण्णव."
"मग साट?"
"मी कमी तापवला."
बाईंनी किल्ली कमरेला खोचली. ट्रॉलीकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "राम, दगूड चांगला हुता म्हनत्यात." वरचा माणूस म्हणाला, "व्हय का." आणि दोरी आवळायला लागला.
मला वाटलं, बोलतील. चार शब्द ऐकवतील. त्या म्हणाल्या, "सायेब, जरा बाजूला व्हा. ट्रॉली मागं घ्यायचीय."
झालो बाजूला.