डोळ्यांवरचं औषध

प्रिय धाकटे,

थायरॉइडने माझे डोळे बाहेर आले, तेव्हा तू हसून म्हणालीस, "बाबा, वटारू नका, औषध घ्या!" डोळ्यांमागच्या पेशींना सारखा वाढीचा निरोप मिळतोय आणि औषध तो घेणारं दार बंद करतं, असं डॉक्टर म्हणाले. तसंच दार कानातही असतं आणि औषधाने तेही बंद होऊ शकतं, हे मी तुला सांगितलं नाही.

डोळे आत गेले. पियानोची तार न् तार दिसते, सूर ऐकू येत नाही. काल पियानोच्या दुकानाच्या मालकांनी माझी सूर जुळवायची, ट्यूनिंगची किल्ली दुसऱ्या कारागिराला दिली.

'बाबा फोन का उचलत नाहीत?' हा तुझा प्रश्न आईने कागदावर लिहून दाखवला. "रुसलेत म्हणून सांग," मी तिला म्हटलं. औषधाचा हट्ट तुझा होता, म्हणून हे पत्र खणातच राहील.

तुझा,
रुसलेला बाबा